पहिला नंबर

आमच्याकडे एंडोस्कोपीला एंडोस्कोपी कुणी म्हणत नाही, दुर्बीण म्हणतात. "पोटात दुर्बीण घालायची सांगितलीय डॉक्टरांनी" असं म्हणत माणूस दारात येतो, हातात जुन्या रिपोर्टांची कॅरीबॅग, मागे बायको नाहीतर मुलगा, आणि त्याचं पुढचं वाक्य काय असणार ते मला अठरा वर्षांत पाठ झालंय. "सिस्टर, तेवढा पहिला नंबर लावा ना." कारणं शंभर. गुहागरची एसटी चुकेल, शुगर आहे उपाशी राहवत नाही, घरी दुभती म्हैस आहे, मुंबईचा मुलगा फक्त आजच मोकळा आहे. चिपळूणसारख्या गावात प्रत्येक जण कुणाचा तरी कोणीतरी लागतो, त्यामुळे पहिल्या नंबरासाठी वशिलाही भरपूर.

पण एक कारण पेशंट कधीच सांगत नाहीत, कारण ते त्यांना माहीत नसतं, ते फक्त आम्हा स्टाफला माहीत. मी आधी जिथे कामाला होते तिथे आमच्यातल्या कुणाच्या घरचं माणूस दुर्बिणीला आलं की न बोलता त्याचा नंबर पहिला लागायचा. मावशींची सून असो, वॉर्डबॉयचा चुलता असो, मेडिकलवाल्याची आई असो. का, ते कुणी उघड म्हणायचं नाही. पहिल्याला दुर्बीण स्वच्छ मिळते, दुसऱ्याला पहिल्याच्या पोटातून आलेली मिळते, इतका साधा हिशेब. दोन पेशंटांच्या मध्ये आम्ही जे काही धुणंपुसणं करत होतो त्यावर आमचा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे त्या हिशेबातून उघड दिसतं, पण तेव्हा कुणी तसा विचार करत नव्हतं, मीही नाही. आणि तो हिशेबसुद्धा साफ चुकीचा होता ही गोष्ट तर मला कळायला किती वर्षं गेली. त्यावरच लिहायचंय, बरेच दिवस मनात आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते, कारण बहुतेकांनी ती तोंड उघडून, डोळे घट्ट मिटून, डाव्या कुशीवर झोपूनच अनुभवलेली असते. काळी, करंगळीएवढी जाड, साधारण मीटरभर लांबीची नळी. टोकाला कॅमेरा आणि उजेड. डॉक्टरांच्या हातातल्या मुठीला दोन चाकं, त्यांनी टोक वरखाली डावीउजवीकडे वळतं, आणि दोन बटणं, एक खेचून घ्यायला, एक हवापाणी सोडायला. एवढं बाहेरून दिसतं. जे दिसत नाही ते आतमध्ये. त्या नळीच्या पोटात आणखी नळ्या आहेत, त्यातली मोठी, जिच्यातून चिमटा घालून बायोप्सीचा तुकडा काढतात, तीसुद्धा जेमतेम 2.8 मिलिमीटरची. हवेची आणि पाण्याची नळी तर त्याहून बारीक, तिच्यात ब्रशही जात नाही. पोटातला चिकट स्राव, रक्त, पित्त, काल रात्री खाल्लेल्याचा अंश, सगळं त्या मोठ्या नळीतून वर खेचलं जातं. म्हणजे बाहेरून आरशासारखी चकचकीत दिसणारी दुर्बीण आतून गटार असू शकते, आणि ते बघायला डोळा आत जात नाही.

"मग उकळून काढा की!" हे मला घरच्यांनीच ऐकवलंय. सुरी-कात्री-चिमटे आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये टाकतोच, 121 डिग्रीची वाफ, जंतू काय जंतूची अंडीही उरत नाहीत. पण या दुर्बिणीत रबर आहे, डिंकासारखे जोड आहेत, भिंगं आहेत, इलेक्ट्रॉनिक्स आहे. कुकरात प्लास्टिकचा डबा लावला तर काय होईल तेच होणार. म्हणून तिला औषधात बुडवायचं, आणि बुडवण्याआधी हातानं घासायचं. सगळा खेळ त्या हातानं घासण्यात आहे.

माझी खोली मागच्या बाजूला. पुढे डॉक्टरांच्या खोलीत एसी, टीव्हीएवढा मॉनिटर, भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र. माझ्याकडे दोन खोल स्टीलची सिंकं, एक्झॉस्ट फॅन, भिंतीवर घड्याळ आणि खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. दुर्बीण पोटातून बाहेर आली की तिथल्या तिथेच, पेशंट अजून ढेकर देत असतानाच, ओल्या गॉजनं ती वरून खालपर्यंत पुसायची आणि एन्झाइमचं पाणी नळीतून खेचून घ्यायचं. हे लगेच. दुधाचं पातेलं लगेच विसळलं तर नुसत्या पाण्यानं निघतं आणि दुपारपर्यंत ठेवलं तर तारेची घासणी लागते, हे कुठल्याही बाईला शिकवायला लागत नाही, फक्त दुर्बिणीच्या पातेल्यात घासणी फिरवता येत नाही.

मग लीक टेस्ट. याला मी पंक्चर काढणं म्हणते आणि नवीन पोरींनाही तसंच शिकवते. सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात बघतो ना, तेच. दुर्बिणीत हवा भरायची, पाण्यात बुडवायची आणि चाकं फिरवून टोक चारी बाजूंना वळवायचं, कारण रबराला बारीक चीर असली तर ती सरळ असताना मिटलेली असते, वाकवल्यावरच तोंड उघडते. एकामागून एक बुडबुड्यांची माळ आली की काम थांबलं. बाहेरच्या एवढ्याशा छिद्रातून घाण आत कॅमेऱ्यापर्यंत जाते, तिथे ना ब्रश पोचतो ना औषध, आणि दुरुस्तीचं बिल लाखात.

पंक्चर नाही म्हटल्यावर ब्रश. लांबच लांब तार आणि टोकाला इवलीशी कुंचली. बटण काढलं की जी भोकं दिसतात त्यातल्या खेचायच्या भोकातून ब्रश दोनदा जातो, एकदा तिरका घालून खाली टोकापर्यंत आणि एकदा सरळ घालून मागच्या वायरीसारख्या नळीतून, मग बायोप्सीच्या तोंडातून पुन्हा वेगळा. सगळं पाण्याखाली, नाहीतर ब्रश बाहेर येताना फटकन तोंडावर उडतं, एकदा उडालंय माझ्या, त्यानंतर फेसशील्ड विसरले नाही. ब्रश टोकातून बाहेर आला की बोटांनी चोळून साफ करायचा आणि मगच मागे ओढायचा. आणि हे किती वेळा? पुस्तकात आकडा नाही. ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत. आई कोलंबी साफ करताना पाठीतला काळा धागा काढते, अर्धा किलो असो की पाच किलो, एक एक कोलंबी, "निघालाच असंल" असं ती कधी म्हणत नाही. मला ब्रश ओढताना नेहमी ते आठवतं.

आणि घासण्याचं एवढं का, कारण पुढच्या औषधाची एक खोड आहे. आधीच्या काळात 2 टक्के ग्लुटरल्डिहाइड असायचं, झाकण उघडलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी, दम्याच्या माणसानं त्या खोलीत उभंही राहू नये. ते जंतू मारतं हे खरं, पण आत रक्ताचा, स्रावाचा थर राहिला असेल तर तो थर ते घट्ट बसवून टाकतं, उकडलेल्या अंड्यासारखा. म्हणजे नीट न घासता औषधात टाकलेली दुर्बीण एका अर्थी न टाकलेलीपेक्षा वाईट, घाण कायमची पक्की. हल्ली आम्ही ओपीए वापरतो, 0.55 टक्क्यांचं, 20 डिग्रीला 12 मिनिटं, त्याचा वास कमी पण हाताला लागलं तर बोटं करडी-काळी पडतात आणि चार दिवस जात नाहीत. रोज पट्टी बुडवून बघायची, पट्टी पूर्ण जांभळी झाली तर औषधात दम आहे, निळसर राहिली तर ओतून द्या. मग तीन वेगळ्या वेगळ्या ताज्या पाण्यांनी धुवायची. हे सगळं इमानदारीत केलं तर एका दुर्बिणीला 35 ते 40 मिनिटं लागतात. हा आकडा लक्षात ठेवा.

आता ती जुनी जागा. नाव नाही घेणार, गावही नाही सांगणार, तिथली माणसं वाईट नव्हती. पोटाचे डॉक्टर दर गुरुवारी कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून यायचे, गाडीच्या डिकीत दुर्बिणीची सुटकेस. तीच दुर्बीण सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. एकच. आमच्याकडे आठ-नऊ पेशंट बसलेले, सगळे आदल्या रात्रीपासून उपाशी, काही तर पहाटे चारला निघून आलेले. आठ गुणिले 40 केलं तर नुसतं धुण्याचेच पाच तासांच्या वर होतात, आणि सरांना पावसाळ्यात अंधाराआधी घाट चढायचा असायचा, दरड कधी येईल काय भरवसा. मग हिशेब कुठे जमवायचा? पेशंट कमी होत नाहीत, घाट छोटा होत नाही. जमवायची ती माझी मिनिटं. "ताई, झालं का?" असं सर दारातून विचारायचे, रागानं नाही, अगदी मऊ आवाजात, आणि मी सातव्या मिनिटाला दुर्बीण औषधातून बाहेर काढायची. कधी पाचव्या. ब्रश एकदाच फिरवलेला. हे मी केलंय. कुणी करायला सांगितलं नव्हतं असंही आहे आणि सांगितलंच होतं असंही आहे.

आणि कुणाला काही झालं का? माहीत नाही. ह्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. ऑपरेशनची जखम चिघळली तर माणूस ओरडत परत येतो. दुर्बिणीतून जंतू गेला तर काय होणार, आठ-दहा दिवसांनी ताप, पोटदुखी, जुलाब, आणि माणूस तोवर आपल्या वाडीत. पावसाळ्यात कोकणात ताप कुणाला येत नाही? लेप्टो आहे, मलेरिया आहे, शेतात भिजलंय, शिळं खाल्लंय. हिपॅटायटिस सीसारखा गेला तर तो वर्षानुवर्षं बोलतच नाही. दुर्बिणीचा कुणाला संशयही येत नाही. त्यामुळे "आमच्याकडे कधी काही झालं नाही" हे वाक्य मी ऐकलं की गप्प बसते. झालं नाही की कळलं नाही?

आमच्या बाबांना त्याच ठिकाणी दुर्बीण घातली. एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्यभर वेळी-अवेळी जेवण, वडापाव, चहा, पोटात जळजळ कायमची. श्रावणातला गुरुवार, धो धो पाऊस. मी काय केलं असेल? पहिला नंबर. सर आले, सुटकेस उघडली, दुर्बीण "कालच धुतलीय" म्हणून मी फक्त वरून पुसून दिली आणि बाबांच्या घशात गेली. माझ्या डोक्यात समाधान, आपल्या माणसाला कोरी करकरीत दुर्बीण मिळाली.

ती सुटकेस कशी असते सांगू? आत जाड स्पंजचा गादीसारखा थर, त्यात दुर्बिणीच्या आकाराची खाच. कंपनी त्यातून नवी दुर्बीण पाठवते, खरं तर तिचं काम तिथेच संपतं. आदल्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या कुठल्या तरी गावात, माझ्यासारख्याच घाईत असलेल्या बाईनं शेवटच्या पेशंटानंतर दुर्बीण धुतली असणार, आतल्या नळ्यांत पाणी तसंच, गुंडाळून स्पंजमध्ये ठेवली, झाकण बंद. रात्रभर बंद सुटकेस, सकाळी घाट, ढग, दमट डिकी. ती उघडल्यावर एक वास यायचा, पावसाळ्यात न वाळलेला टॉवेल कपाटात राहिला की येतो तसा. मी दर गुरुवारी तो वास घ्यायचे आणि मला एकदाही काही सुचलं नाही.

कोकणातल्या माणसाला हे सुचू नये म्हणजे कमाल आहे, कारण आपला अर्धा संसार वाळवण्यात जातो. धुणं काय, कुणीही धुतं, पाणी बदाबदा पडतंयच. वाळवायचं कसं? 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आषाढात दोरीवरचा परकर चार दिवस तसाच गार, शेवटी चुलीवर मांडवी करून धुरात वाळवायचा आणि शाळेत अंगाला धुराचा वास. भजनी मंडळातले बुवा पखवाज चुलीजवळ ठेवतात, पुडी सैल पडते म्हणून. आमच्या बाजूच्या आजोबांच्या कपाटात बाजाच्या पेटीशेजारी झिरोचा बल्ब कायम जळत असतो. आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा तर सगळं चिपळूणच वाळत घातलं होतं, गाद्या, वह्या, फ्रीज, लग्नाचे अल्बम. आम्ही भिंती धुतल्या, दिवाळीला रंग काढला, छान दिसायला लागलं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतींना कमरेपर्यंत फुगे. वरून वाळली होती, आतून नाही.

आई गावी बांगडे खारवायची. बांगडा पाठीतून फाडून, पोट साफ करून, मीठ चोपडून, उन्हात. बारीक जवळा दोन उन्हांत कडक होतो, मूठभर हातात चोळला की खसखस वाजतो, पण बांगड्याचं तसं नाही, तो वरून खडखडीत दिसतो आणि काट्याजवळ ओला राहतो. "वरच्या अंगाला फसू नको गो बाय," ती म्हणायची आणि मोठा बांगडा काट्याशी दाबून बघायची. तिथे ओल राहिली तर आठ दिवसांत सगळ्या डब्याला वास, कधी अळ्या. शाळेत न गेलेल्या माझ्या आईला जे कळत होतं ते मला, कोर्स करून, युनिफॉर्म घालून, दर गुरुवारी नाकाला वास येऊनही कळलं नाही.

(जाता जाता एक. आमच्या मालकीणबाई, वय नव्वदीचं, सोवळ्याच्या. पूर्वी ओलेत्यानं पाणी भरायच्या, म्हणजे अंगावरचं लुगडं ओलं असेल तर ते शुद्ध, कोरडं झालं आणि कुणी शिवलं की संपलं. मी त्यांना एकदा सांगितलं, आजी, माझ्याकडे उलटं आहे, ओलं ते विटाळलेलं. त्या म्हणाल्या, "तुझा देव वेगळा, बाई.")

नवीन जागी आले तेव्हा इथे दोन दुर्बिणी हॉस्पिटलच्या स्वतःच्या होत्या, उभ्या टांगायला कपाट होतं, सुटकेस माळ्यावर. मला वाटलं स्वर्गात आले. 12 मिनिटं म्हणजे 12 मिनिटं, कुणी दारातून "झालं का ताई" विचारणारं नाही. आणि मग सहा-सात वर्षांपूर्वी कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर आला, पोरगाच होता, पंचविशीतला, त्याच्या बॅगेत एक नवीन खेळणं. बोअरस्कोप. दुर्बिणीच्या आत घालायची दुर्बीण, दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक, लॅपटॉपला जोडलेली. "मॅडम, बघायचं का आतून?" म्हणाला. शनिवारी दुपारी मीच धुऊन टांगलेली दुर्बीण होती, आणि तो सोमवार. मी तोऱ्यात म्हटलं, बघ की.

बोअरवेल मारल्यावर आत कॅमेरा सोडतात, तसं दिसतं. गोल भिंती, कॅमेरा हळूहळू खाली सरकतोय, सुरुवातीला स्वच्छ पांढरट, मग उभे ओरखडे, शेकडो, बायोप्सीचे चिमटे आतबाहेर करून पडलेले. एका ओरखड्यात तपकिरी काहीतरी. पुढे ब्रशचा तुटलेला एक केस भिंतीला चिकटलेला. आणि मग थेंब. भिंतीवर जागोजागी थेंब, जुन्या विहिरीत कड्यांवर पाझरतात तसे, आणि टोकाजवळच्या वळणात तर चक्क पाणी साचलेलं. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत. त्या पोरानं काही लेक्चर दिलं नाही, नुसता कॅमेरा तिथे थांबवला. मी म्हटलं, टांगलेली होती रे, उभी. तो म्हणाला, "मॅडम, बाहेरून."

तीन मिलिमीटरच्या नळीत पाणी नुसतं टांगून खाली येत नाही, भिंतीला धरून बसतं. आणि आमच्याकडची हवा, जुलैत 90 टक्क्यांच्या वर आर्द्रता, ती कुठलं पाणी उडवणार. औषधातून वाचलेला एखादा जंतू, नाहीतर शेवटच्या धुण्याच्या पाण्यातूनच आलेला, सुडोमोनाससारखा, ज्याला सिंक, नळ, ओल हेच माहेर, त्याला ही खोली आयती. वीस मिनिटांत, अर्ध्या तासात एकाचे दोन, दोनाचे चार, अशी अख्खी रात्र. वर तो स्वतःभोवती एक चिकट साय धरतो, बायोफिल्म म्हणतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तशी, ती एकदा धरली की औषध वरून वाहून जातं. आणि त्या ओरखड्यांत ती अजून छान धरते.

तेव्हा मला पहिल्या नंबराचा हिशेब कळला. दिवसभर धावणारी दुर्बीण निदान दर तासाला औषधात तरी पडत होती. रात्रभर ओली राहिलेली, सुटकेसमध्ये उबलेली आणि सकाळी पुन्हा औषधात न घालता वापरलेली दुर्बीण सगळ्यात वाईट, आणि ती जायची पहिल्या नंबराला. म्हणजे आमच्या सगळ्या घरच्यांना. वशिला लावून. बाबांना त्या श्रावणात तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला होता, चार दिवस राहिला, गावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला. त्याचा दुर्बिणीशी संबंध होता असं मी म्हणणार नाही, भिजले असतील, तेव्हा गावात दहा जणांना ताप होता. पण नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

नंतर मी जिथे मिळेल तिथे वाचायला लागले. 2015 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात पित्तनळीसाठी वापरतात त्या दुर्बिणीतून जवळजवळ कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू पसरला, 179 जणांना धोका झाला, सात जणांना लागण, त्यातल्या दोघांच्या मृत्यूला तो कारणीभूत ठरला. आणि ते लोक कंपनीनं सांगितलंय तसंच धुत होते! त्या दुर्बिणीच्या टोकाला नखाहून लहान एक उचलणारी पट्टी असते, तिच्या मागच्या फटीत ब्रश पोचत नव्हता. शेवटी 2019 मध्ये तिथल्या एफडीएनं हॉस्पिटलांना सांगितलं, टोक काढून टाकता येईल अशा नाहीतर एकदाच वापरायच्या दुर्बिणींकडे वळा. आमच्यासारख्या ठिकाणी एकदाच वापरून फेकायची दुर्बीण कोण परवडवणार ते सोडा. पण ती बातमी वाचून मला, कसं सांगू, एकटं वाटायचं कमी झालं. सगळी चूक हाताची नसते, काही वस्तूच अशा बनवलेल्या असतात की त्या धुताच येत नाहीत.

ही वस्तू बनवणाऱ्यांचं कौतुक मात्र आहेच. 1868 मध्ये कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरनं सरळ ताठ नळी पोटात घालून बघितली, ती कुणावर, तर तलवारी गिळणाऱ्या खेळकऱ्यावर, दुसरं कोण तयार होणार. मग आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर कपानी आणि हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं, आणि 1957 मध्ये हिर्शोविट्झनं आपली वाकणारी दुर्बीण आधी स्वतःच्या घशात घातली. पहिला नंबर त्यानं स्वतःचा लावला.

आता आमच्याकडे धुणं संपलं की खरं काम सुरू होतं. स्पिरिट सोडायचं आणि मग कॉम्प्रेसरची गाळलेली हवा प्रत्येक नळीतून, टोकाखाली कोरडा रंगीत कागद धरून, एकही ठिपका पडेनासा होईपर्यंत. अमेरिकेच्या 2021 च्या मानकांत किमान 10 मिनिटं म्हटलंय, आम्ही पावसाळ्यात 15 करतो. पहिल्यांदा इथल्या सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं?" मी त्यांना त्या पोराच्या लॅपटॉपवरचा मोबाईलनं काढलेला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरची ऑर्डर गेली. त्यांचं हे मला आवडतं, वाद घालत नाहीत.

अडचणी आहेतच. आमची वीज. गेल्या आषाढात संध्याकाळी साडेसहाला शेवटची केस धुऊन झाली आणि लाईट गेली, इन्व्हर्टरवर दिवे चालतात, कॉम्प्रेसर ओढत नाही. मोठ्या सिरिंजनं हवा मारत बसले, पन्नास-साठ वेळा, हात भरून आले, मावशी टॉर्च धरून उभ्या, "ताई, बास की आता, उद्या सकाळी वारा लागेलच की." कागदावर ठिपके पडतच होते. शेवटी दुर्बिणीला लाल चिठ्ठी लावली, ओली, आणि सकाळी सातला येऊन पहिल्यापासून सगळं परत केलं, घासणं, औषध, तीन पाणी. पहिला पेशंट 40 मिनिटं थांबला आणि त्याच्या मुलानं बाहेर आवाज चढवला. त्याला काय सांगणार, दुर्बीण धुतलेली आहे पण वाळलेली नाही म्हणून थांबलोय? "मशीन चेक चाललंय," सांगितलं.

आणि मग गेल्या मार्गशीर्षात आईला दुर्बीण करायची वेळ आली. जेवण जात नव्हतं, वजन उतरलेलं, मी आतून घाबरलेली. आदल्या दिवशी यादी मीच लिहिते. पेन हातात घेतलं आणि एक नंबरवर हात आपोआप गेला. वर वाचलंत ना एवढं सगळं, कॉम्प्रेसर, कागद, 15 मिनिटं, तरी हात तिथेच गेला, एवढी जुनी सवय. मग बघितलं, पहिल्याला एक शुगरवाले काका होते, त्यांना खरंच उपाशी ठेवून चालणार नव्हतं, दुसरी लहान मूल घरी ठेवून आलेली बाई, तिसरे लांबून दापोलीकडून येणारे. आईला चौथा लिहिला. त्या दिवशी तिन्हींनंतर दुर्बीण मीच धुतली, दुसऱ्या मुलीला हात लावू दिला नाही, ब्रश किती वेळा ओढला मोजलं नाही. घड्याळाकडे बघत 12 मिनिटं उभी होते तेव्हा खिडकीबाहेर शेवग्यावर दोन साळुंक्या भांडत होत्या, ते अजून डोळ्यासमोर आहे.

अल्सर निघाला, लहानसा. औषधांनी बरा होणारा. मी हुश्श करून आईला बाहेर खुर्चीत बसवलं, घशात स्प्रे मारलेला, जीभ जड, पदरानं तोंड पुसत ती एक मिनिट माझ्याकडे बघत राहिली आणि बोबड्या आवाजात म्हणाली, "काय गो, एवढी वर्षं नोकरी करतस, आणि आयशीचा पयला नंबर लावता आला नाय तुला?"

"घसा बधीर आहे तुझा," मी म्हटलं, "अर्धा तास बोलू नको. चहापण नाही."